जाऊबाईंचं लक्ष

आमच्या जाऊबाईंना फॅक्टरीत सगळे दुर्बीण म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि आतून बरंही वाटत असणार, कारण कुणाच्या तोंडून चुकून निघालंच तर त्या रागवायच्या नाहीत, नुसता चष्मा सारखा करायच्या. त्या थोरल्या, मी धाकटी. एका घरात, एका स्वयंपाकघरात आम्ही इतकी वर्षं काढली आहेत की आता भांडायचं म्हटलं तरी कंटाळा येतो. समोरची पुढे काय बोलणार ते दोघींनाही पाठ असतं.

त्यांचं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या फॅक्टरीत इंजेक्शनचं औषध बाटल्यांत भरतात. अंगठ्याएवढ्या काचेच्या बाटल्या, वर रबराचं बूच, त्यावर पत्र्याची टोपी. भरलेली प्रत्येक बाटली माणसाच्या डोळ्यांखालून जाते. बाटली उचलायची, मनगटाला हलका झोल देऊन आतलं औषध फिरवायचं, आधी काळ्या फळीसमोर धरायची, मग पांढऱ्या. काळ्यासमोर काचेचा कण चमकतो, पांढऱ्यासमोर काळा तंतू दिसतो. काही दिसलं तर लाल ट्रे, नाही दिसलं तर हिरवा. मग पुढची बाटली. दिवसभर हेच. मधून मधून त्यांना उठवतात आणि डोळ्यांना आराम म्हणून मंद उजेडाच्या खोलीत बसवतात. मी एकदा गंमत म्हणून त्या खुर्चीत बसून बघितलं होतं. दहा बाटल्यांनंतर मला सगळ्याच बाटल्यांत कण दिसायला लागले आणि डोकं असं चढलं की विचारू नका.

मी पॅकिंगला आहे. माझ्या हातून चूक झाली तर खोक्याचा कोपरा दबतो. जाऊबाईंच्या हातून झाली तर काच कुणाच्यातरी शिरेत जाते. एवढा फरक आहे, आणि तो त्यांनी मला घरी भाजी चिरताना पुष्कळदा ऐकवला आहे.

आता चोर म्हणजे काय ते सांगते. सुपरवायझर बाईंच्या कपाटात मुद्दाम जपून ठेवलेल्या खराब बाटल्या असतात. कुठल्यात काच, कुठल्यात धागा. बुडाला एक खूण केलेली, ती फक्त जांभळ्या दिव्याखाली दिसते. कुठल्याही दिवशी, कुणाच्याही ट्रेमध्ये बाई अशी एखादी बाटली सोडून देतात आणि गप्प बसतात. आम्ही त्याला चोर सोडणं म्हणतो. चोर पकडला तर कुणी शाबासकी देत नाही, ते कामच आहे. सुटला तर केबिनमध्ये बोलावणं येतं. तीन सुटले की खुर्ची गेली. जाऊबाईंच्या हातून कधीच सुटला नव्हता. बाकीच्या बायका तर म्हणायच्या की दुर्बिणीच्या ट्रेमध्ये चोर सोडणं म्हणजे चोराचे हाल.

आणि मग सासूबाई गेल्या.

सासूबाई अर्धांगाने वर्षानुवर्षं खाटेवर होत्या. म्हणून आम्ही दोघींनी पाळ्या वाटून घेतल्या होत्या. जाऊबाई सकाळच्या पाळीला, मी दुपारच्या. एकीने घरात पाऊल टाकलं की दुसरी बाहेर. दोघी एका वेळी घरात निवांत बसलो आहोत असं सुट्टीचा दिवस सोडला तर कधी झालंच नाही, आणि सुट्टीच्या दिवशी धुणं असायचं. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये म्हणतात, पण मी बोलते. सासूबाई माझ्यासमोर जाऊबाईंचं कौतुक करायच्या आणि जाऊबाईंसमोर माझं. दोघी समोर असल्या की त्यांना झोप यायची. तोंड शेवटपर्यंत शाबूत होतं त्यांचं. अंग गेलं होतं, पण कुणाला कुठे टोचेल ते बरोबर कळायचं.

त्या गेल्या तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं झालं. पहिले काही दिवस मी नुसती झोपले. बसल्या जागी झोपले, आमच्या ह्यांच्याशी बोलता बोलता झोपले. जाऊबाई मात्र कामाला लागल्या. अंथरुणं धुतली, औषधं टाकून दिली, खाट कुणालातरी देऊन टाकली, खोली पुसून घेतली आणि कामावर हजर. डोळ्यांतून टिपूस नाही. मोठे दीर पोरासारखे रडले, ह्या त्यांना पाणी देत होत्या. मी मनात म्हटलं, बाई दगडाची आहे. नाहीतर माझ्यासारखीच सुटली असेल आणि दाखवत नसेल.

मग मीही सकाळची पाळी मागून घेतली. आता घरी थांबायचं कुणासाठी? दोघी एकाच बसने जायला लागलो, एकाच बसने यायला लागलो. जन्मात पहिल्यांदा आम्ही शेजारी शेजारी बसत होतो आणि बोलायला विषय सापडत नव्हता.

थोड्याच दिवसांनी पॅकिंगमध्ये बातमी आली की दुर्बिणीच्या हातून चोर सुटला. मला वाटलं कुणीतरी थट्टा करतंय. बसमध्ये विचारलं तर म्हणाल्या, सुटला. मी म्हटलं, होतं असं एखादे वेळी, माणूस आहे. तर म्हणाल्या, मला नाही होत. 

वाईट गोष्ट अशी की सुपरवायझर बाई त्या वेळी काचेपलीकडे उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी मला नंतर सांगितलं. जाऊबाईंचा हात कुठे अडखळला नाही. बाटली उचलली, झोल दिला, काळ्यासमोर धरली, पांढऱ्यासमोर धरली, डोळे बाटलीवरच होते. आणि आत चकाकणारा काचेचा तुकडा घेऊन ती बाटली त्यांनी सावकाश हिरव्या ट्रेमध्ये ठेवली. बाई म्हणाल्या, पेंगत असत्या तर मी समजले असते, पण त्या टक्क जाग्या होत्या.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडलं. नंबर तोच. डोळे उत्तम, म्हणाला, ह्या वयात असे डोळे नसतात लोकांचे. हे ऐकून जाऊबाईंचा चेहरा पडला. डोळे बिघडले असते तर चष्मा बदलून काम भागलं असतं ना. मग घरी सगळं सुरू झालं. टीव्ही बंद, लवकर झोपणं, सकाळी डोळ्यांवर गार पाण्याचे हबके. वाचायचं म्हटलं तर पेपरसुद्धा नको, डोळे वाया जातील. आमच्या घरात डोळ्यांचं असं कौतुक चाललं होतं की मी एकदा म्हटलं, डबीत घालून ठेवा आणि कामावर जाताना लावा. हसल्या नाहीत.

आणि एवढं करून दुसरा चोर सुटला.

आता पाळी तिसऱ्याची. मोठे दीर म्हणाले, सोडून दे, कशाला जिवाला घोर, दुसऱ्या खात्यात बदली माग. त्यावर जाऊबाईंनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. सगळे निरोप माझ्यामार्फत. ह्यांना सांग जेवायला या, तिला सांग मीठ कमी आहे. माझ्या नाकी नऊ आले. पण मला त्यांचं कळत होतं. आम्ही दोघींनी घरात आयुष्यभर दुसऱ्यांचं केलं. त्या खुर्चीत मात्र त्या स्वतःच्या होत्या. तिथे कुणी त्यांना सून म्हणून ओळखत नव्हतं. ती खुर्ची गेली असती तर त्या कामावर गेल्या असत्या, घरी आल्या असत्या, सगळं केलं असतं, पण जाऊबाई राहिल्या नसत्या. ते मला बघायचं नव्हतं.

फॅक्टरीच्या डॉक्टरांनी मग एका मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे तासन् तास टक लावून काम करणाऱ्या लोकांचे मेंदू तपासत होते. ज्याला हवं त्याने जावं, जबरदस्ती नाही. जाऊबाई एका पायावर तयार. त्यांना आपल्या आजाराला एक नाव हवं होतं. मला सोबत नेलं, म्हणजे माझी रजा गेली.

त्यांना एमआरआयच्या मशीनमध्ये घातलं. अंगावरचं सगळं धातूचं काढून ठेवलं, त्यांच्या बांगड्या माझ्या मांडीवर. आतल्या आरशात आकडे दिसणार, प्रत्येक आकड्याला बटण दाबायचं, फक्त तीन आला की दाबायचं नाही. एवढंच. लहान मूल करेल. मधूनच आकडे थांबवून विचारायचे, आत्ता मन इथे होतं की दुसरीकडे? मी बाहेर बसून त्या मशीनची ठकठक ऐकत होते. आत त्या, बाहेर मी, दोघी कंटाळलेल्या.

डॉक्टरबाई भली होती. सर्दीने नाक लाल झालेलं, तरी घाई केली नाही. तिने संगणकावर मेंदूची चित्रं दाखवली. मी म्हटलं, ताई, मला काही कळत नाही, साधं सांगा. मग तिने साधं सांगितलं. ती म्हणाली की आपण समजतो हाताला काम नसलं की डोकं स्वस्थ बसतं. तसं नसतं. बाहेरचं काम संपलं किंवा इतकं सवयीचं झालं की त्याला डोकं लागत नाही, की मेंदू आतलं काम काढतो. पाहुणे गेल्यावर घरातली बाई बसत नाही, कपाट आवरायला घेते, तसं. त्या कामाच्या जागाच वेगळ्या. एक कपाळाच्या आत मधोमध, एक डोक्याच्या मागच्या बाजूला आत, आणखी थोड्या इकडे तिकडे. बाहेर टक लावून बघतो तेव्हा त्या जागा मंद असतात. मन भटकलं की त्या एकत्र जाग्या होतात. कालचं आठवणं, उद्याचं ठरवणं, दुसऱ्याच्या मनात काय असेल त्याचा अंदाज बांधणं, ही सगळी कामं तिथली.

मग तिने जाऊबाईंचं चित्र दाखवलं. तीन आला आणि त्यांनी चुकून बटण दाबलं, त्याच्या थोडं आधीचं. चूक व्हायच्या आधीच त्या आतल्या जागांचं काम वाढलेलं होतं. डोळे उघडे होते, आकडा डोळ्यांत शिरलाही होता. पण मेंदू आतल्या कामात असला की डोळ्यांकडून आलेल्या गोष्टीची दखल तो कमी घेतो. डोळ्यांनी बघितलं, बाईंनी नाही बघितलं, असं म्हणा हवं तर.

मी विचारलं, हे सगळ्यांना होतं का? ती म्हणाली, सगळ्यांना. जागेपणातला तिसरा हिस्सा तरी माणूस असा दुसरीकडेच असतो, कुणीकुणी त्याहूनही जास्त. आणि ज्याच्या हातात काम पुरतं बसलेलं आहे त्याचं मन जास्त सुटतं, कारण त्याला सोडता येतं. नव्या माणसाला भीतीने कुठे जाता येत नाही. वर दमलेलं शरीर असलं की मग विचारायलाच नको.

म्हणजे एवढ्या मोठ्या मशीनमध्ये घालून काय कळलं, तर बाईचं लक्ष नव्हतं. हे तर मी फुकट सांगितलं असतं. माझं डोकं फिरलं आणि मी तसं बोललेही. डॉक्टरबाई हसली, रागावली नाही. जाऊबाई मात्र चित्राकडे बघत बसल्या होत्या. तिकडेच बघत त्यांनी विचारलं:

"मन गेलं, ते मला का नाही कळत?"

"कारण ते कळायला जे जागं असावं लागतं, तेही बऱ्याचदा सोबत गेलेलं असतं," डॉक्टरबाई म्हणाली. "परत आल्यावर कळतं. तेही दर वेळी नाही."

"आणि जातं कुठे?"

"ते आम्हाला दिसत नाही. गेलं एवढं दिसतं. कुठे ते तुम्हालाच शोधावं लागेल."

इलाज काही खास नव्हता. झोप, जास्त वेळा उठणं, सलग कमी बसणं. हा आजार नाही, असं तिने तीनतीनदा सांगितलं. जाऊबाईंना ते ऐकायचं नव्हतं. आजार असता तर औषध असतं.

बसथांब्यावर मी खोदून विचारलं, कुठे जाता हो तुम्ही बसल्या बसल्या? कुठे नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, डॉक्टर म्हणाली ना शोधा म्हणून. त्यांनी माझ्या हातातून बांगड्या घेतल्या आणि एक एक करून चढवल्या. मी हात टेकले.

मग सुपरवायझर बाईंनी रीतसर परीक्षा ठेवली. भरपूर बाटल्यांत भरपूर चोर मिसळलेले, समोर बाई आणि वरून दुसरे एक साहेब. जाऊबाईंनी एकही सोडला नाही. उलट एका चांगल्या म्हणून ठेवलेल्या बाटलीत त्यांना बारीक तंतू सापडला, तो जपून ठेवणाऱ्यांनाही ठाऊक नव्हता. साहेब टाळ्या वाजवायचे बाकी राहिले. सुटलेले दोन चोर पुसले गेले, खुर्ची पक्की. मी पॅकिंगमध्ये सगळ्यांना सांगत सुटले. घरी गेल्यावर मोठ्या दिरांना म्हटलं, आता तरी दोघं एकमेकांशी थेट बोला, माझा घसा दुखतो.

दुसऱ्या दिवशी मला पॅकिंगमधून केबिनमध्ये बोलावलं. म्हटलं, तिसरा गेला वाटतं. आत जाऊन बघते तर जाऊबाई खुर्चीत बसलेल्या, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवलेली. सुपरवायझर बाई मला म्हणाल्या की तुम्हीच समजवा ह्यांना, टेबलावरून काढा म्हणून मागे लागल्या आहेत, काल तर सगळ्यात वर आल्या.

मी तिथेच चिडले. म्हटलं, काय खूळ भरलंय? आम्ही तुमचे डोळे सांभाळले, टीव्ही सोडला, रजा घालवली, तुमचे आणि दिरांचे निरोप वाहिले, ते ह्यासाठी?

"परीक्षेला कुणीही जागं असतं," जाऊबाई म्हणाल्या. "काल सगळे माझ्याकडे बघत होते. रोज कोण बघणार? आज सकाळीच मी गेले होते. परत आले तेव्हा हिरव्या ट्रेमध्ये चार बाटल्या जास्त होत्या. मी त्या ठेवल्याचं मला आठवत नाही. परत काढून तपासल्या. चांगल्या निघाल्या. पण निघाल्या म्हणून निघाल्या."

मग सुपरवायझर बाईंनीच विचारलं, अगदी हळू, की तुम्ही जाता कुठे?

"घरी जाते," त्या म्हणाल्या. "आईंच्या खोलीत."

मग त्यांनी सांगितलं. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. सासूबाईंना स्वतःहून हलता येत नव्हतं, ठरल्या वेळी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. सकाळी जाऊबाई कामावर, म्हणून ते माझ्याकडे असायचं. फोन आत नेता येत नाही. म्हणून त्या टेबलावर बसल्या बसल्या मनाने घरी जायच्या. किती वाजले असतील, धाकटीने कूस बदलली का, कुठल्या अंगावर निजवलंय, चादरीला खाली चुणी तर नाही ना पडली. ते सगळं डोळ्यांसमोर नीट दिसलं की परत यायच्या. रोज, पाळीभर, इतकी वर्षं.

"तेव्हाही जायचे," त्या म्हणाल्या, "पण गेले तशी यायचे. आई दिसल्या की काम झालं. आता जाते तर खाट नाही. मग शोधत बसते. स्वयंपाकघरात बघते, मागच्या दाराशी बघते. आई गेल्या हे मला इथे कळतं. तिथे गेल्यावर नाही कळत."

माझ्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या आणि आधी तोंडातून बाहेर पडली ती वाईट. मी म्हटलं, म्हणजे इतकी वर्षं तुम्ही इथे बसून माझ्यावर पहारा करत होतात? तुम्हाला माझा भरवसा नव्हता? मी एकदाही वेळ चुकवली नाही. हे मी इथेही सांगून ठेवते. एकदाही नाही.

"भरवसा होता गं," त्या म्हणाल्या. "घरी आले की तू दारातच सांगायचीस, आई डाव्या अंगावर आहेत, नाहीतर उजव्या. ते ऐकलं की जीव भांड्यात पडायचा. आता दारात कुणी काही सांगत नाही."

मला रडू आलं. खरंच सांगते, सासूबाई गेल्या तेव्हा आलं नव्हतं. सुपरवायझर बाई टेबलावरचे कागद उगाच इकडचे तिकडे करत होत्या. जाऊबाईंच्या डोळ्यांत तेव्हाही पाणी नव्हतं. त्यांनी टोपी मांडीवरून उचलली, नीट घडी घातली आणि बाईंच्या टेबलावर ठेवली.

त्यांना कपड्यांच्या खोलीत पाठवलं. आतल्या लोकांचे पांढरे कोट, टोप्या, पायातले मोजे धुऊन वाळून येतात, त्यांच्या घड्या घालायच्या. तिथे मन कुठेही गेलं तरी कुणाच्या शिरेत काही जात नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू, असं सुपरवायझर बाई म्हणाल्या. जाऊबाईंनी मान हलवली, पण त्या परत जायच्या नाहीत हे आम्हा तिघींनाही कळलं होतं. त्यांच्या खुर्चीत एक नवी मुलगी बसली. ती घाबरून इतकी टक लावते की तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. चोर मात्र सोडत नाही.

मी मधल्या सुट्टीत कपड्यांच्या खोलीत डोकावायचे. घड्या सुरेख, कडेला कड लागलेली. जाऊबाई वर बघायच्या, ओळख पटायला थोडा वेळ लागायचा, मग हसायच्या. दोनच महिन्यांत त्या म्हाताऱ्या दिसायला लागल्या. कुणी त्यांना दुर्बीण म्हणेनासं झालं. घरी दिरांशी बोलायला लागल्या होत्या, एवढंच काय ते चांगलं. पण बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून निघून जायच्या. बसलेल्या तिथेच असायच्या. मला आता ते ओळखू यायला लागलं होतं. गेल्या की उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर हळूहळू फिरायला लागायचा, बाटली फिरवावी तसा.

परवा संध्याकाळी आम्ही बसने परत येत होतो. दिवसभर उभी राहून माझे गुडघे भरून आले होते. दोघींच्या पिशव्या माझ्याच मांडीवर. जाऊबाई खिडकीशी, डोळे उघडे, बाहेर दुकानं, माणसं, सिग्नल सगळं डोळ्यांसमोरून जात होतं आणि त्यातलं काहीच त्या बघत नव्हत्या. अंगठा फिरत होता. मला आधी राग आला. म्हटलं, किती दिवस ह्या बाईने त्या रिकाम्या घरात खोल्या धुंडाळायच्या? हलवून जागं करावं, आई गेल्या म्हणून कानात ओरडावं, असं वाटलं. पण ते त्यांना माहीतच होतं. इथे माहीत होतं.

मी त्यांच्याकडे वाकले.

"जाऊबाई," मी म्हटलं, "कूस बदललीय. आई डाव्या अंगावर आहेत."

त्यांनी खिडकीबाहेरची नजर काढली नाही.

"पाठ?"

"कोरडी आहे. कुठे लाल नाही."

"बरं," त्या म्हणाल्या.

अंगठा थांबला. थोड्या वेळाने त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. काय बोललो ते दोघींनाही कळलं होतं. त्यांनी चष्मा काढला, ओंजळीत धरला, आणि सासूबाई गेल्यापासून जे आलं नव्हतं ते आलं. आवाज नाही, काही नाही. समोरच्या सीटवरच्या माणसाने एकदा वळून बघितलं आणि परत पुढे बघायला लागला. मी पिशव्या सांभाळत बसले होते. मला एक हात मोकळा करायला जमेना, म्हणून मी खांदा जरा पुढे केला, तर त्यांनी त्यावर डोकं ठेवलं आणि रडता रडता त्यांना झोप लागली.

आमचा थांबा आला. मी उठवलं नाही. शेवटच्या थांब्यावर कंडक्टरने उतरवलं तेव्हा परतीची बस निघून गेली होती, म्हणून आम्ही दोघी चालत घरी आलो. माझे गुडघे अजून दुखताहेत.